नेट नसलेल्या वर्गात ड्राइव्हवरचा पाठ कसा दाखवायचा?

प्रश्न : आठवीची विज्ञान शिक्षिका, अकोले तालुका

नमस्कार. शाळेत प्रोजेक्टर आहे, जुना लॅपटॉप आहे, पण रेंज मिळते ती पटांगणाच्या कडेला. घरी गुगल स्लाइड्समध्ये पाठ तयार करून ड्राइव्हवर ठेवते. वर्गात उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरतं आणि निम्मा तास जातो. हृदयाच्या झडपा उघडमीट होताना मुलांना दाखवायच्याच आहेत. दुसरं, आमच्या सरांची जुनी पीपीटी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. काय करावं?

उत्तर १

मॅडम, ड्राइव्ह ॲपमध्ये फाइलशेजारची तीन टिंबं दाबून ती ऑफलाइन करून ठेवा. घरी वायफायवर करा, म्हणजे डेटा जाणार नाही.

उत्तर २ : माध्यमिक शिक्षक, भोर

मॅडम, माझं ठाम मत आहे, पाठ ड्राइव्हवर तयार करावा, पण शिकवावा लॅपटॉपमधल्या फाइलवरून. पोरं फळ्याकडे डोळे लावून बसलेली असताना नेटची वाट बघणं बरोबर नाही.

स्लाइड्समधून पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) डाउनलोड करा, सोबत पीडीएफही घ्या. लॅपटॉपवर ऑफिस नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं.

व्हिडिओचं मात्र नीट बघा. स्लाइड्समध्ये यूट्यूबचा व्हिडिओ लावला असेल तर पीपीटी डाउनलोड करूनही तो नेटशिवाय चालत नाही. व्हिडिओची फाइल हातात असेल तर ती पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्टमधून टाका, म्हणजे ती पीपीटीच्या पोटातच राहते. नाहीतर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करा. तिथला व्हिडिओ घरी उतरवून ठेवला की शाळेत मोबाइलवर नेटशिवाय दिसतो.

सरांची पीपीटी बहुधा जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. तो फाँट लॅपटॉपवर नसला की असंच दिसतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, एकदाच कष्ट पडतील. नव्या फाइलला पॉवरपॉइंटच्या सेव्ह ऑप्शन्समध्ये फाँट फाइलमध्येच बसवायची सोय असते, तीही वापरा.

आणि एक मनापासून सांगतो. हृदयाची आकृती स्लाइडवर आयती देऊ नका. ती फळ्यावर काढा, मुलांना वहीत सोबत काढू द्या. चार कप्पे हाताखालून गेले की नावं लक्षात राहतात. स्लाइड ठेवा ती झडपेच्या हालचालीसाठी, कारण ती खडूने दाखवता येत नाही. मी तासाला तीन-चार स्लाइड्सच्या पुढे जात नाही.

प्रश्नकर्त्या

खूप आभार सर. आकृतीचं अगदी पटलं. शेजारच्या शाळेतल्या ताईंना पाठ द्यायचा आहे. लिंक दिली तर त्यांच्या हातून माझीच फाइल बदलेल का?

उत्तर २

‘व्ह्यूअर’ (फक्त बघणारे) म्हणून द्या, मग बदलणार नाही. त्यांना स्वतःची प्रत हवी असेल तर लिंकमध्ये ‘एडिट’पासूनचा शेवटचा भाग काढून तिथे इंग्रजीत ‘कॉपी’ लिहा. लिंक उघडली की प्रत करायची का, असं विचारलं जातं. मात्र मुलांचे फोटो आणि गुणपत्रकं पाठाच्या फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका. त्यांचं फोल्डर वेगळं आणि कुणालाही न दिलेलं असावं. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओही ड्राइव्हवरून हलवा. फुकटच्या १५ जीबीत जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिन्ही मोजले जातात, आणि जागा भरली की मेल यायचे थांबतात.