संशोधन त्यांचं, तर पैसे काकांनी का भरायचे?

(सोसायटीचा ग्रुप. सूर्यवंशी काकांनी एका शिबिराचं पोस्टर टाकलं.)

सूर्यवंशी काका (ए-३०२): नमस्कार मंडळी. वरचं पोस्टर बघा. रविवारी ताराबाई पार्कात एका हॉटेलच्या हॉलमध्ये स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचं, शिबिर आहे. बाहेरची कंपनी येणार आहे. गुडघे, पार्किन्सन, पक्षाघात, मधुमेह, ऑटिझम, सगळं करतात. आमच्या हिला पार्किन्सन आहे, तिचं नाव घालावं म्हणतोय. ३ लाख २० हजार सांगितलेत, रविवारी जागेवर ठरवलं तर ४० हजार कमी. कुणाला काही माहिती?

अमोल (सी-५०१): काका, गुडघा आणि ऑटिझम एकाच सलाईनमध्ये? लईच की!

सूर्यवंशी काका: चेष्टा नको रे. स्वतःच्याच पेशी असतात, पोटाच्या चरबीतून काढतात. आणि हा साधा उपचार नाही, 'पेशंट फंडेड स्टडी' आहे. म्हणजे पेशंटच्या पैशातून चालणारं संशोधन. खाली आंतरराष्ट्रीय नोंदणीचा नंबरपण छापलाय.

शिंदे काकू (बी-२०१): भाऊजी, माझ्या गुडघ्याचंपण विचारून ठेवा.

सेक्रेटरी: मोटार दुरुस्तीमुळे उद्या पाणी सकाळी ६ ते ७ एवढंच. टाक्या भरून ठेवा.

स्वातीताई (बी-१०४): काका, पोस्टर मोठं करून वाचलं. मी पुण्याला असताना ट्रायल (नव्या औषधांची माणसांवरची चाचणी) कोऑर्डिनेटर म्हणून काम करायचे, म्हणून बोलते. आमच्याकडे ट्रायलमधल्या पेशंटला यायचा-जायचा रिक्षाखर्चसुद्धा आम्ही द्यायचो, व्हाउचरवर सही घेऊन. त्यासाठीच्या तपासण्या फुकट, औषध फुकट. पेशंटकडून फी घेणार म्हटलं असतं तर पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीने फाईल तिथंच मिटवली असती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीतही हेच आहे, संशोधनाचा खर्च पेशंटच्या माथी मारायचा नाही.

सूर्यवंशी काका: अगं, तेही विचारलं मी. कंपनीचा मुलगा म्हणाला, स्वतःच्या पेशीचं पेटंट घेता येत नाही, म्हणून मोठ्या औषध कंपन्या यात पैसा घालत नाहीत. मग पेशंटनीच वर्गणी काढून संशोधन पुढं न्यायचं. मला पटलं ते.

अमोल: वर्गणी म्हणजे काय गणपती हाय व्हय 😄

स्वातीताई: ऐकायला छान आहे, पण वर्गणी काढली की हिशोब दाखवतात. यांनी आजवर किती जणांना दिलं, किती जणांना फरक पडला, किती जणांना त्रास झाला, कुठल्या जर्नलमध्ये छापलं, हे पोस्टरवर कुठं आहे? बरं, तो नंबर बघितला. 'एनसीटी'ने सुरू होतो, म्हणजे अमेरिकेच्या ClinicalTrials.gov या ट्रायल नोंदवायच्या साइटचा. तिथं माहिती भरतो तो संशोधन करणाराच. अभ्यास तिथं नोंदला म्हणजे सरकारने तो तपासला असं नव्हे, हे ती साइट स्वतःच लिहून ठेवते. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात असलेले ली टर्नर यांनी २०१७ मध्ये यावरच पेपर लिहिला होता. पैसे घेऊन स्टेम सेल देणारी क्लिनिकं त्या यादीचा वापर जाहिरातीसारखा करतात, हे त्यांनी दाखवलं.

सूर्यवंशी काका: मग आपल्याकडं कुठं बघायचं?

स्वातीताई: सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआरचीच नोंदवही आहे, फुकट उघडते. भारतातली ट्रायल तिथं पेशंट घ्यायच्या आधी नोंदवावीच लागते. प्रत्येक नोंदीत 'डीसीजीआयची मंजुरी' (म्हणजे देशाच्या औषध महानियंत्रकांची) असा रकाना असतो, एथिक्स कमिटीचं नाव असतं, आणि पैसा कुणी दिला हेही असतं. यांच्या नावाने शोधलं, काही सापडलं नाही. आणि एक लक्षात घ्या. तिथंही नुसत्या नंबरवर भुलायचं नाही, तो मंजुरीचा रकाना वाचायचा. कधी कधी तिथं 'नॉट ॲप्लिकेबल' असतं.

शिंदे काकू: पण गं स्वाती, इचलकरंजीला माझ्या नणंदेच्या व्याह्यांनी घेतलं होतं असलंच. हात थरथरायचा तो कमी झाला म्हणे. ते काय खोटं बोलतील?

स्वातीताई: खोटं नाही हो काकू, त्यांना खरंच बरं वाटलं असेल. इथंच तर मेख आहे. जरा इस्कटून सांगते, मोठा मेसेज आहे, माफ करा.

पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन हे हालचालीसाठी लागणारं रसायन कमी पडतं. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या पेशंटना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं आणि मेंदूचा स्कॅन काढला. बरं वाटणार या आशेवरच डोपामिन सुटलेलं त्यात दिसलं. त्याच्या पुढची गंमत २०१५ ची, अमेरिकेत सिनसिनाटीची. १२ पेशंट, दोन इंजेक्शनं. एक १०० डॉलरचं, दुसरं १५०० डॉलरचं, असं सांगितलं. दोन्हीत होतं नुसतं सलाईन! तरी महागड्या म्हणून दिलेल्या इंजेक्शननंतर हालचाल जास्त सुधारली.

म्हणजे ३ लाख भरणं हाच अर्धा डोस झाला. आता सांगा, पैसे भरलेल्या माणसांवरच अभ्यास करायचा, नुसतं सलाईन दिलेला दुसरा गट ठेवायचा नाही (ठेवणार कसा, पैसे घेऊन पाणी देता येत नाही ना!), आणि मग 'बहुतेकांना फरक पडला' म्हणायचं, यातून कळणार काय? पेशी लागू पडल्या की पैसे लागू पडले? शंभर वर्षं असा अभ्यास चालवला तरी उत्तर मिळणार नाही. आणि उत्तर मिळू नये यातच त्यांचा धंदा आहे, असं माझं मत.

अमोल: ताई, नाद खुळा! १५०० डॉलरचं सलाईन 😳

सूर्यवंशी काका: म्हणजे पार्किन्सनला स्टेम सेलचं काहीच होत नाही, असं का?

स्वातीताई: असं नाही काका. जपानात क्योटोला एप्रिल २०२५ मध्ये खऱ्या ट्रायलचे निकाल आले. फक्त सात पेशंट. पेशी प्रयोगशाळेत डोपामिन बनवणाऱ्या केल्या आणि ऑपरेशन करून थेट मेंदूत सोडल्या. दोन वर्षं लक्ष ठेवलं. गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, आणि तपासलेल्या सहांपैकी चारजणांच्या हालचालीत सुधारणा दिसली. एवढं करूनही ती सुरुवातीच्या टप्प्याचीच ट्रायल. आणि इथले लोक चरबीच्या पेशी हाताच्या शिरेतून सोडणार. शिरेतून गेलेल्या अशा बहुतेक पेशी आधी फुप्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत जायचं लांबच.

सूर्यवंशी काका: स्वतःच्या पेशी आहेत, निदान अपाय तर नाही ना होणार?

स्वातीताई: २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या तीन बायकांचं प्रकरण छापून आलं. स्वतःच्याच पोटाची चरबी, त्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. ५ हजार डॉलर भरले होते. वय ७२ ते ८८. दृष्टी गेली. त्यातल्या काहींना वाटलं होतं की आपण ट्रायलमध्ये आहोत, कारण अशी नोंद त्याच अमेरिकन साइटवर होती.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग काकांनी फॉर्मचा फोटो टाकला.)

सूर्यवंशी काका: हे त्यांनी भरायला पाठवलंय. स्वाती, जरा बघ.

स्वातीताई: वाचलं. 'निकालाची हमी नाही', 'रक्कम परत मिळणार नाही', 'दुष्परिणामांची जबाबदारी सहभागीची'. काका, २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमात हे बरोबर उलटं आहे. ट्रायलमुळं इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई. म्हणजे पैसे घेताना हा उपचार, आणि जबाबदारी आली की संशोधन.

शिंदे काकू: मग माझा गुडघा?

स्वातीताई: काकू, गुडघ्याच्या झिजेसाठी दात्याच्या बोनमॅरोतल्या पेशींचं एक औषध डीसीजीआयने २०२२ मध्ये मंजूर केलंय, बेंगळुरूच्या कंपनीचं. आधी १४६ पेशंटवर ट्रायल झाली, तुलनेला दुसरा गट ठेवून. ते सरसकट सगळ्यांसाठी नाही, तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा. पण रविवारच्या हॉलमधलं ते नव्हे.

अमोल: मेडिक्लेमवाले काय म्हणतात यावर?

स्वातीताई: पॉलिसीत स्टेम सेल म्हणजे साधारण रक्ताच्या आजारासाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट. हे त्यात बसत नाही.

सूर्यवंशी काका: त्या मुलाला आत्ता मेसेज केला, डीसीजीआयचं पत्र पाठवा म्हणून. उत्तर आलं, 'सर, समक्ष बोलू, दोनच सीट राहिल्यात.'

अमोल: एसटीत तरी उभं राहून जाता येतं 😂

स्वातीताई: टोकन दिलंय का काका?

सूर्यवंशी काका: ५ हजार. हिने पाटल्या मोडायला काढल्या होत्या, म्हटलं आधी जागा तरी धरू.

स्वातीताई: काकूंना सांगा, पाटल्या परत कपाटात ठेवा. टोकन परत हवंय असं आजच लेखी मेसेज करा, फोनवर बोलू नका. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि काकूंचे मेंदूचे डॉक्टर काय म्हणाले याबद्दल?

सूर्यवंशी काका: विचारलंच नाही. रागावतील म्हणून.

शिंदे काकू: रागावू देत की भाऊजी! विचारा.

सूर्यवंशी काका: सोमवारची वेळ घेतो. काय काय न्यायचं?

स्वातीताई: जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन. गोळी किती वाजता दिली, त्यानंतर किती वेळाने हात हलायला लागतो, हे तीन-चार दिवस वहीत लिहा. गोळीच्या वेळा बदलूनही पुष्कळदा फरक पडतो. आणि ते पोस्टर, फॉर्म दोन्ही त्यांना दाखवा.

सूर्यवंशी काका: बरं. वही आजपासून चालू करतो. ६ ची गोळी आत्ताच दिली.