मदत हवी आहे : संविधानात न लिहिलेला हक्क नेमका येतो कुठून?

संविधान दिनाला आमच्या वाचनालयात मला पाऊण तास बोलायचे आहे. रंगीत तालीम म्हणून चार परिचितांपुढे भाषण केले, तेव्हा एका निवृत्त अव्वल कारकुनांनी विचारले, "जे लिहिलेलेच नाही, ते मागायचे कशाच्या आधारावर?" मी खाजगीपणाचे उदाहरण दिले होते. घरी येऊन संविधानाची मराठी प्रत चाळली, तर 'गोपनीयता' भेटली ती मंत्र्यांच्या शपथेत; मूलभूत हक्कांच्या भागात तिचा पत्ता नाही.

रूढ उत्तर मला ठाऊक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि त्याचा मुख्य आधार अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य हाच होता. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली उपजीविकेचा हक्कही त्याच अनुच्छेदातून निघाला होता (झोपड्या हटवण्यास मात्र पावसाळ्यानंतरची मुभा मिळालीच).

माझी अडचण याच्या पुढची आहे. अनुच्छेद २१ हेच जर सगळ्याचे उगमस्थान असेल, तर तो निलंबित झाल्यावर काय उरते? आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या याचिकांवरील जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना नेमके हेच विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद मागता येणार नाही का; आणि अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क निलंबित करणारा राष्ट्रपतींचा आदेश लागू असेपर्यंत येणार नाही, असे उत्तर आले. १९७६ साली न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्नांनी लिहिले की अनुच्छेद २१ नसता तरीही कायद्याच्या आधाराविना कोणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांच्या अंमलबजावणीचे निलंबन करण्याची वाट बंद केली आणि पुट्टस्वामी निकालाने जबलपूरचे बहुमत रद्दबातल ठरवले. त्या बहुमतातील न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या पुत्रानेच, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनीच, हे लिहावे, हा योगायोग मला अजून थक्क करतो.

मला खन्नांची भूमिका पटते. परंतु हक्क संविधानाच्या आधीपासूनचे मानले, तर कोणता हक्क त्यात बसतो हे ठरवणार अखेर न्यायपीठच. २०२३ साली समलिंगी विवाहांविषयीच्या सुप्रियो खटल्यात विवाहाचा हक्क मूलभूत मानण्यास पाच न्यायाधीशांनी नकार दिलाच की.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी, की अनुच्छेद २१ किंवा अन्य कोणत्याही अनुच्छेदाचा टेकू न घेता, केवळ माणूस म्हणून असलेला हक्क सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष अंमलात आणला, असा एखादा निकाल आपल्या वाचनात आहे का? असल्यास खटल्याचे नाव व वर्ष सांगावे. अनुच्छेद २१ मधून निघालेल्या हक्कांची यादी मात्र नको. ती सांगून झाल्यावरच कारकूनसाहेबांनी तो प्रश्न विचारला होता.