टिलर ऑटोपायलट: सुकाणूच्या कोनाचा सेन्सर बसवल्यावर लिमिट स्विच लागतील का?

प्रश्न

माझ्या २६ फुटी शिडाच्या बोटीवर टिलर (सुकाणू फिरवण्याचा दांडा) ढकलणारा १२ व्होल्टचा लिनिअर ॲक्चुएटर (मोटरने दांडा सरळ रेषेत आतबाहेर सरकवणारे यंत्र) असून तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील पायपायलट या मुक्त ऑटोपायलट प्रणालीने चालतो. होकायंत्राच्या आधारे बोट दिशा नीट धरते. परंतु सुकाणू किती अंशांवर आहे हे प्रणालीला कळत नसल्यामुळे, मागून मोठी लाट आली की टिलर टोकापर्यंत ढकलला जातो आणि तेथे अडकल्यावरही मोटर जोर लावतच राहते. कोन मोजणारा सेन्सर बसवून सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा घातली, तर लिमिट स्विचची, म्हणजे हालचाल टोकाजवळ पोचताच मोटर बंद करणाऱ्या स्विचची, गरज उरते का?

पहिले उत्तर

गरज उरते. सेन्सरची तार तुटली, त्याचा जोडदांडा निसटला किंवा प्रोग्राम अडकला, तर सॉफ्टवेअरमधील मर्यादा त्याच क्षणी निकामी होते. म्हणून स्विचने मोटरचा प्रवाह थेट तोडला पाहिजे, त्यासाठी कोणाच्या आज्ञेची वाट पाहता कामा नये. दोन्ही टोकांचे नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर उघडणारे) स्विच मोटरच्या तारेत एकसरीत घ्यावेत आणि प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा. स्विच उघडल्यावर त्या दिशेचा प्रवाह बंद होतो, पण उलट दिशेचा डायोडमधून वाहतो आणि सुकाणू टोकाहून परत आणता येते. डायोड उलटा बसल्यास संरक्षण मिळतच नाही, तेव्हा दिशा टेबलावरच तपासावी. मोटर अडकल्यावर जो प्रवाह ओढते तो डायोडला पेलला पाहिजे आणि स्विचला तोडता आला पाहिजे. स्विचवर ठळक छापलेला आकडा बहुधा एसीचा असतो, आपल्याला डीसीचा पाहायचा आहे. प्रवाह तुटताना मोटरच्या वेटोळ्यामुळे ठिणगी पडते, म्हणून मोटरच्या दोन टोकांमध्ये द्विदिश टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची अचानक उसळी दाबणारा भाग) असणे मला आवश्यक वाटते.

अनेक ॲक्चुएटरमध्ये आतच लिमिट स्विच असतात, पण ते ॲक्चुएटरच्या दांड्याची धाव संपल्यावर उघडतात. सुकाणू त्याआधीच अडत असेल तर त्यांचा उपयोग नाही. नवे स्विच सुकाणूच्या हालचालीवर चालावेत आणि यांत्रिक अडथळ्याच्या थोडे आधी उघडावेत, कारण वीज तुटल्यावरही मोटर किंचित पुढे सरकते. सॉफ्टवेअरची मर्यादा त्याच्याही आत ठेवावी.

दुसरे उत्तर

सेन्सरविषयी लिहितो. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) स्वस्त आणि सोपा आहे. ज्या व्होल्टेजच्या तुलनेत एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारी चिप) मोजमाप करतो तेच त्याला दिले, तर पुरवठ्यातील चढउतारांचा वाचनावर परिणाम होत नाही. मात्र त्याची पट्टी घासली जाते आणि खाऱ्या दमट हवेत ती लवकर बिघडते. एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर स्पर्शाविना कोन मोजतो, एका फेरीचे ४०९६ भाग करतो आणि त्याचा सर्किट बोर्ड इपॉक्सीत बंदिस्त करता येतो. लांब तारेवर आयटूसी (चिपमधील माहिती आकड्यांच्या रूपात पाठवण्याची पद्धत) भरवशाचे नसते, म्हणून त्याचे ॲनालॉग आउटपुट, म्हणजे कोनानुसार बदलणारे व्होल्टेज, वापरावे. त्याचे चुंबक होकायंत्रापासून दूर हवे, नाहीतर दिशेचे मोजमापच चुकेल.

सेन्सर कोणताही घ्या, जोडणीत ढिलेपणा नको, कारण सांध्यातील थोड्याशा मोकळ्या हालचालीमुळेही मोटर सतत मागेपुढे करत राहते. सुकाणूवरील आणि सेन्सरवरील भुजा समान लांबीच्या, समांतर ठेवल्या, तर कोन जसाच्या तसा मिळतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही कामे एकाच वेळी जमणार नाहीत. आधी कोणते करावे?

पहिले उत्तर देणारे

आधी स्विच. बोट धक्क्याला बांधलेली असताना, मोटर चालू ठेवून दोन्ही स्विच हाताने दाबून पाहा. प्रत्येक वेळी मोटर त्या दिशेने थांबून उलट दिशेने फिरली, तरच सेन्सरचे काम हाती घ्या.