राणी उपाशी नाही, तिला उघडू नका

पहिल्या पावसात सापडलेली, घरी पाळायला ठेवलेली मुंगळ्याची राणी साखरपाण्याला तोंडच लावत नाही, काय करू, असं एकानं विचारलंय. देऊच नका. मोठ्या काळ्या मुंगळ्यांची राणी पंख टाकून स्वतःला कोंडून घेते. उडण्याचे स्नायू आणि चरबी जिरवून पहिली पिल्लं वाढवते. म्हणून तर पहिले कामकरी इतके बारके निघतात. तोवर तिला टेस्ट ट्यूबमध्ये ठेवा: तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाला कापूस आणि अंधार. बस. रोज उघडझाप केली तर ती घाबरून स्वतःचीच अंडी खाऊ शकते. कामकरी आले की मग मधाचा थेंब आणि झुरळाचा तुकडा.

हे सगळ्या जातींना मात्र लागू नाही. पश्चिम घाटातल्या उड्या मारणाऱ्या हार्पेग्नॅथस सॅल्टेटर मुंगीची राणी सुरुवातीलाही शिकारीला बाहेर पडते, तिला असं कोंडलंत तर मरेल. (नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये, डंख जबरदस्त!) भन्नाट जात आहे पण: राणी गेली की कामकरणी शृंगिकांनी (डोक्यावरच्या मिशांनी) एकमेकींशी झुंजतात, जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू २० टक्क्यांहून जास्त आकसतो. पुन्हा कामकरी व्हायची वेळ आली, की तो परत वाढतो.