गुलमोहराखालची लाल-काळी मुंगी (सोसायटी ग्रुप)

जोशी काकू, सी २०३: सी विंगखालच्या गुलमोहराच्या बाकावर या मुंग्या फिरतायत, फोटो टाकलाय. डोकं काळं, मधला भाग तांबूस, मागचा परत काळा. संध्याकाळी मुलं तिथेच बसतात. ओंबिली का?

सावंत दादा, ए ५०१: ओंबील नव्हे काकू. ती अख्खी तांबूस-केशरी असते आणि हिरवी पानं रेशमाने शिवून घरटं करते. झाडावर तसं गोळा झालेलं काही दिसतंय?

जोशी काकू: नाही. रांगही नाही, एकेकटीच पळते.

मृणाल, बी ३०४: मग टेट्रापोनेरा रुफोनिग्रा असावी, पण वरून काढलेल्या फोटोवर पैज नाही लावणार. काकू, हाताने धरू नका हं. पारदर्शक डबी उपडी घाला, खालून जाड कागद सरकवा, झाकण लावून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, मरेल. सुस्तावली की शेजारी पट्टी ठेवून बाजूने फोटो घ्या. ऊब लागली की लगेच पळते, मोबाईल आधीच हातात असू द्या.
छाती आणि पोट यांच्यामध्ये कमरेला गाठी किती, ते मोजा. पायही मोजा. मुंगीची नक्कल करणारा कोळी असतो, तो आठांपैकी पुढचे दोन पाय मिशांसारखे उंच धरतो. मुंगीच्या खऱ्या मिशा मध्येच कोपरासारख्या मोडलेल्या असतात.

जोशी काकू: पाय सहा, गाठी दोन, पट्टीवर ११ मिमी. डोळे केवढे मोठे!

मृणाल: हीच ती. मुंगळा आणि ओंबील यांना एकच गाठ, नांगी नाही. चावतात आणि आम्ल फवारतात. हिला नांगी आहे, पोट वाकवून डंख मारते. नुसत्या दोन गाठींवर जाऊ नका, घरातल्या छोट्या लाल मुंगीलाही त्या असतात. रंग, लांबी, डोळे, एकटं फिरणं, सगळं जुळलं म्हणून खात्री.

देशपांडे काका, सेक्रेटरी: उद्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडून झाडावर फवारून घेऊ?

मृणाल: पैसे वाया जातील काका. घरटं वाळक्या लाकडाच्या आत, किड्यांनी पोखरलेल्या बोगद्यांत असतं. औषध तिथवर पोचत नाही, बाहेरच्या मात्र बिथरून बाकावर पडतील. जेलचाही उपयोग नाही, ते रांगेने खाण्यावर येणाऱ्यांसाठी. बाक खोडापासून दूर हलवा, निम्मं काम तिथेच झालं.

सावंत दादा: उत्तरेकडची फांदी पूर्ण वाळलीय, भोकंही दिसतात. पण उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय करवत लावू नका काका. कापताना माळ्याला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पँट मोज्यांत खोचलेली. या दिवसा फिरतात, त्यामुळे सूर्य मावळताना कापली तर बहुतेक आतच असतील.

डॉ. नाईक, ए ३०१: डंख झाल्यास साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा. चुना-हळद नको. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप किंवा चक्कर, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय, घरी वाट बघू नका. हिच्या डंखाने तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत.

देशपांडे काका: परवानगीचा अर्ज उद्या देतो. बाक आजच हलवतो, दोघंजण खाली या.