सेसना १७२ विमानाच्या ५० उड्डाण-तासांच्या सर्व्हिसिंगला काय बघू?

बारामतीला ट्रेनिंग चालू आहे, उद्या आमच्या विमानाचं ऑइल बदलणार आहेत, इंजिनीअर सर म्हणाले येऊन उभा राहा. काय नीट बघू?

> ऑइल इंजिन गरम असतानाच काढतात, म्हणजे गाळही सोबत निघतो. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडतात ना, तो अजिबात चुकवू नको, चमकणारे धातूचे कण जास्त दिसले तर इंजिन आतून झिजतंय.

> फ्युएल पण बघ रे. १००एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, टाकीतून नमुना काढतात त्या कपात पाणी जड म्हणून खाली बसतं, पण अख्खा कप पाण्याचाच आला तर थर दिसणारच नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही बघायचे.

> इलेक्ट्रिकलमध्ये मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) पी-लीड, म्हणजे तो बंद करणारी वायर, विचार. ती तुटली तर किल्ली बंद असली तरी मॅग्नेटो चालूच राहतो, आणि प्रोपेलर हलला तर इंजिन सुरू होऊ शकतं, त्यामुळे त्याला उगाच हात लावू नको प्लीज.