पाचटाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: एक्सआरडीत ३२.२ अंशाला शिखर कसलं?

शिरोळ_पाचट: मंडळी, नमस्कार. सिनॉप्सिस तोंडावर आहे आणि एक्सआरडीपाशी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) गाडी अडलीय. वाळलेलं पाचट ५ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १०० मिलि, ८० अंशांवर १ तास. त्यातला १० मिलि अर्क ९० मिलि सिल्व्हर नायट्रेटमध्ये (१ मिलिमोलर). रंग तपकिरी येतो, यूव्ही शोषणात ४३० नॅनोमीटरला चांदीच्या नॅनोकणांचा पट्टा. एक्सआरडीत ३८.१ आणि ४४.३ ला चांदी आहे, पण २७.८, ३२.२ आणि ४६.२ लाही शिखरं आहेत, ३२.२ चं सगळ्यांत उंच. बऱ्याच पेपरांत अशी शिखरं 'अर्कातल्या सेंद्रिय पदार्थांची' म्हणून दाखवतात. तसंच लिहू का? आणि प्रबंधाच्या शीर्षकात 'शाश्वत' आहे, त्यावर परीक्षक काय विचारतील?

राजारामपुरी_एक्सआरडी: तसं अजिबात लिहू नका. ही तिन्ही शिखरं सिल्व्हर क्लोराइडची आहेत. यूव्हीचा पट्टा फसवतो, कारण थोडी चांदी तयार झाली तरी तो दिसतोच.

हिशोब बघा. अर्कात लिटरला ३२० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर १० मिलि अर्क तुमची सगळी चांदी क्लोराइडमध्ये अडकवू शकतो.

आधी अर्क न घालता त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेट विरघळवा. गढूळ झालं तर दोष पाण्याचा किंवा नळाखाली विसळलेल्या काचसामानाचा. स्वच्छ राहिलं तर अर्काचा. मग गोळा झालेला साका सौम्य अमोनियाने धुवा. क्लोराइड विरघळतं, चांदी मागे राहते. वरचं द्रावण वेगळं काढून त्यात लगेच सौम्य नायट्रिक आम्ल घाला. पांढरा साका परत आला की खात्री पटली. हे अमोनियाचं द्रावण साठवून ठेवू नका, त्यात स्फोटक संयुग तयार होतं.

ऊस_आणि_माती: पाचट क्षारपड रानातलं आहे का? शिरोळ भागात तशी जमीन बरीच, आणि तिथल्या उसात क्लोराइड जास्त उतरतं. वाळक्या पाचटातलं क्लोराइड गार पाण्यात सहज सुटतं. बारीक तुकडे रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी टाका, आणखी दोनदा धुवा, मगच गरम अर्क काढा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघा. ते गढूळ होता कामा नये.

शिरोळ_पाचट: पण ताई, धुताना पॉलिफेनॉलही (अर्कातले चांदी घडवणारे घटक) जातील ना?

ऊस_आणि_माती: थोडे जातात. म्हणून फोलिन पद्धतीने धुण्याआधीचं आणि नंतरचं प्रमाण मोजा, कमी पडलं तर पाचट वाढवा. दोन्ही नमुने प्रबंधात शेजारी ठेवा, तुमच्या कामाचं खरं मोल त्या तुलनेत आहे.

हरित_हिशोब: 'शाश्वत'चं बघू. ९० मिलिमधून जास्तीत जास्त ९.७ मिलिग्रॅम चांदी मिळते. ५०० वॅटची हॉटप्लेट तासभर सलग ओढत असेल तर अर्धा युनिट गेला, म्हणजे ग्रॅमला ५० युनिटांच्या वर, आणि सेंट्रिफ्यूजची वीज वेगळीच. एकदा काढलेला १०० मिलि अर्क दहा बॅचना पुरतो, तसा वापरलात तर हा आकडा दहापटीने उतरतो. नेहमीच्या रासायनिक सायट्रेट पद्धतीची वीज, पाणी आणि उतारा मोजून त्याच तक्त्यात ठेवा. चांदीचं सांडपाणी मोरीत ओतू नका. मीठ घालून साका बसवा आणि वेगळा जमा करा. जिवाणूंवरची चाचणी असेल तर कण गाळून उरलेल्या द्रावणाचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच, नाहीतर परिणाम कणांचा की सुट्या चांदीच्या आयनांचा, हे सांगता येणार नाही. परीक्षक तिथंच धरतात.